शिमल्याचे राष्ट्रपती निवास : ग्रंथालय म्हणून कसे आहे?

शिमल्याच्या ऑब्झर्व्हेटरी टेकडीवरचे राष्ट्रपती निवास, म्हणजे पूर्वीचे व्हाइसरॉयचे निवासस्थान, पाहून आलेली सोलापूरची माणसे दोन गोष्टी हमखास सांगतात : बाग फार सुंदर आहे आणि फाळणीपूर्वीच्या वाटाघाटी तेथे झाल्या. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. परंतु १९६५ पासून त्या वास्तूत ‘इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ ॲडव्हान्स्ड स्टडी’ ही संशोधन संस्था आणि तिचे मोठे ग्रंथालय नांदते आहे, आणि हे परीक्षण त्या ग्रंथालयाच्या दृष्टीने लिहिले आहे. आपल्या शहरात आणि जिल्ह्यात जुन्या वाड्यांतून, देणगीदारांनी दिलेल्या इमारतींतून वाचनालये चालवणारी पुष्कळ मंडळी आहेत. आज ना उद्या त्यांच्यापुढे दुरुस्तीचा प्रश्न येतोच. त्यांनी शिमल्याची ही वास्तू त्या नजरेने एकदा पाहावी, असे मला मनापासून वाटते.

माझे मत आधीच सांगून टाकतो. जुनी वास्तू वाचवायची असेल तर तिला वाचक मिळवून देणे यासारखा दुसरा उपाय नाही; मात्र दुरुस्तीचा विचार कागदापासून सुरू झाला पाहिजे. दर्शनी भागाला रंग काढून, बाहेर दिवे लावून, उद्घाटनाची कोनशिला बसवून झाल्यावर ‘आता पुस्तके कुठे ठेवायची?’ असे विचारणाऱ्या कामातून चांगले ग्रंथालय उभे राहत नाही.

वास्तूची पार्श्वभूमी थोडक्यात अशी. व्हाइसरॉय लॉर्ड डफरीन यांच्या कारकिर्दीत, १८८४ ते १८८८ या काळात हे निवासस्थान बांधले गेले. आराखडा सार्वजनिक बांधकाम खात्याचे वास्तुविशारद हेन्री अर्विन यांचा. निळसर करड्या दगडाच्या भिंती, उतरते कौलारू छप्पर, आत सागवान, देवदार आणि अक्रोडाचे लाकूडकाम, आणि शिमल्यात इतरत्र वीज नसताना या घरात विजेचे दिवे. बांधकामाला त्या काळी सुमारे ३८ लाख रुपये खर्च आला. हे सगळे साहित्य डोंगरावर कसे चढवले असेल याचा विचार केला म्हणजे त्या कामाची खरी कल्पना येते, कारण रेल्वे काल्कापर्यंत पोहोचली ती १८९१ मध्ये आणि शिमल्याला पोहोचली ती थेट १९०३ मध्ये. आपल्या सोलापुरात मात्र १८६० मध्येच आगगाडी आली होती. डफरीन दांपत्य २३ जुलै १८८८ रोजी येथे राहायला आले आणि त्याच वर्षाच्या अखेरीस त्यांनी हिंदुस्थान सोडला. सोलापूरकरांच्या तोंडी डफरीन हे नाव रोजचे आहे. डफरीन चौक आपण दिवसातून किती वेळा ओलांडतो! लेडी डफरीन यांनी १८८५ मध्ये स्त्रियांच्या वैद्यकीय मदतीसाठी निधी उभारला आणि त्यातून देशभर त्या नावाची प्रसूतिगृहे निघाली. ज्या घरासाठी डफरीन यांनी इतका खर्च केला, त्यात त्यांना जेमतेम काही महिने राहायला मिळाले.

स्वातंत्र्यानंतर हे घर राष्ट्रपतींचे उन्हाळी निवासस्थान झाले. वर्षातले बहुतेक दिवस बंद असणारे एवढे मोठे घर नुसते सांभाळत बसण्यापेक्षा ते विद्वानांच्या हाती द्यावे, असा निर्णय डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन यांच्या पुढाकाराने झाला. ६ ऑक्टोबर १९६४ रोजी संस्थेची नोंदणी झाली, २० ऑक्टोबर १९६५ रोजी तिचे उद्घाटन झाले आणि इतिहासकार नीहाररंजन राय तिचे पहिले संचालक झाले. १९६४ हेच आपल्या सोलापूर नगरपालिकेचे महानगरपालिकेत रूपांतर होण्याचेही वर्ष आहे.

आता ग्रंथालयाकडे वळतो. ज्या नृत्यदालनात आणि दिवाणखान्यात पूर्वी मेजवान्यांना पाहुणे जमत, तेथे आज पुस्तकांची कपाटे आहेत. ही निवड मला सर्वांत शहाणपणाची वाटते आणि त्यामागे भावनेपेक्षा वजनाचा हिशेब आहे. भारतीय मानकांनुसार राहत्या घराच्या जमिनीसाठी साधारण २०० किलो प्रति चौरस मीटर एवढा वापराचा भार धरतात. माणसे मोकळेपणाने जमतात अशा सभागृहासाठी तो सुमारे ५०० किलो धरतात. आणि पुस्तकांच्या साठवण दालनासाठी, कपाटे सव्वादोन मीटरपर्यंत उंच असतील तर, किमान ६०० किलो धरावा लागतो, त्याहून उंच कपाटांसाठी आणखी जास्त. म्हणजे ज्या खोलीत एक कुटुंब पिढ्यान्‌पिढ्या सुखाने राहिले, तीच खोली पुस्तकांनी भरली की तिच्या तुळयांवर तिप्पट ओझे येते. कागद दिसायला हलका असतो, पण कपाटात दाटून भरला की तो विटांइतका भार देतो, हे जुन्या वाड्यात वाचनालय सुरू करणाऱ्या उत्साही मंडळींच्या लक्षात येत नाही. नाचणाऱ्या पाहुण्यांसाठी बांधलेले तळमजल्यावरचे दालन हे त्या घरातले पुस्तकांना सर्वांत जवळचे दालन होते. वरच्या मजल्यांवरच्या खोल्या अभ्यासकांना बसायला द्याव्यात आणि ओझे खाली ठेवावे, एवढा साधा नियम आपल्याकडे पाळला गेला असता तर कितीतरी माड्यांच्या तुळया आज वाकलेल्या दिसल्या नसत्या.

बाहेरच्या बाजूने इमारतीला एक फेरी मारा, असे मी प्रत्येकाला सांगेन, आणि त्या वेळी मनोऱ्यांकडे न पाहता पाण्याच्या वाटेकडे पाहा. छपराच्या उतारावरून पाणी पन्हाळीत येते, पन्हाळीतून उभ्या नळात, नळातून खालच्या गटारात, आणि तेथून इमारतीपासून दूर. मूळ रचनेत पावसाचे पाणी गोळा करून जमिनीखालच्या टाक्यांत साठवण्याचीही सोय होती. शिमल्यात पावसाचे प्रमाण सोलापूरच्या दुपटीच्या आसपास असते, वर हिवाळ्यात बर्फ. त्यामुळे पन्हाळीत अडकलेली देवदाराची मूठभर पाने काढायची राहून गेली तरी त्याचा डाग आतल्या भिंतीवर उमटायला वेळ लागत नाही. उत्तरेकडच्या दगडांच्या सांध्यांत हिरवट शेवाळ धरते, ऊन लागणाऱ्या बाजूला तोच दगड कोरडा आणि फिकट दिसतो. ग्रंथपालाने कोणते कपाट कोणत्या भिंतीजवळ ठेवायचे हे ठरवण्यापूर्वी हा फरक बाहेरून पाहून घ्यावा. जुन्या इमारतीची देखभाल म्हणजे बहुतांशी पन्हाळी साफ करणे, फुटलेले कौल बदलणे आणि पाण्याला वाट करून देणे; हे काम फोटोत दिसत नाही, म्हणून त्याला पैसे मिळत नाहीत.

दमटपणाचे गणित कागदाच्या बाबतीत निर्दय असते. हवेतली सापेक्ष आर्द्रता ४५ ते ५५ टक्के आणि तापमान विशीच्या आसपास असेल तर कागद सुखात राहतो. आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर बराच काळ राहिली की बुरशी धरते, बांधणीतली खळ मऊ पडते, आणि खळीच्या वासावर कसर येते. उलट हवा फार कोरडी झाली की पान कडकडीत होते आणि दुमडलेल्या कोपऱ्याशी तुटते. शिमल्याला थंडीचे वरदान आहे, कारण तापमान जितके कमी तितका कागदाचा ऱ्हास संथ. पण ओल हा तेथला शाप आहे. आपल्याकडे नेमके उलटे आहे. मे महिन्यात पारा ४२-४३ अंशांवर जातो, तेव्हा एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून लाकडाच्या लगद्यावर छापलेली पुस्तके, ज्यांच्या कागदातच आम्ल असते, अक्षरशः भाजून निघतात. म्हणून शिमल्याची नक्कल सोलापुरात करता येणार नाही. विचाराची पद्धत मात्र उचलता येईल.

ती पद्धत न उचलल्याचे एक उदाहरण देतो. आपल्याच भागातील एका जुन्या वाचनालयाची दुरुस्ती मी जवळून पाहिली आहे; नाव सांगण्यात अर्थ नाही, कारण काम करणाऱ्यांचा हेतू चांगला होता आणि हीच गोष्ट अनेक ठिकाणी घडते. भिंती काळ्या दगडाच्या, आत माती आणि वर चुन्याचा गिलावा. गिलावा जागोजागी सुटला होता म्हणून तो सगळा खरवडून काढला आणि सिमेंटचा गुळगुळीत गिलावा केला, त्यावर खांद्याइतक्या उंचीपर्यंत ऑइल पेंट दिला, खाली शहाबादी फरशी काढून चकचकीत टाइल्स बसवल्या. उद्घाटनाच्या दिवशी सगळे देखणे दिसत होते. पहिल्याच पावसाळ्यानंतर रंगाला फोड आले, फोड दाबले की आतून पांढरी खारट भुकटी निघायची, आणि भिंतीला टेकवून ठेवलेल्या कपाटांच्या खालच्या दोन फळ्यांवरील पुस्तकांच्या पुठ्ठ्यांवर राखाडी बुरशीचे गोल डाग उमटले. कारण उघड आहे. जमिनीतली ओल जुन्या भिंतीत चढतेच. चुन्याचा गिलावा तिला हळूहळू बाहेर सोडतो, सिमेंट आणि ऑइल पेंट तिची वाट बंद करतात, मग ती अधिक वर चढते आणि वाटेत क्षार सोडत जाते. फरशीचे सांधेही बंद झाले की जमिनीतून निघणारी सगळी वाफ भिंतींकडेच वळते.

चुन्याचे काम करणारे मिस्त्री आपल्या भागात अजून आहेत, ही मोठी जमेची बाजू आहे. कळीचा चुना आधी पाण्यात विरवून मुरू द्यायचा, वाळू आणि सुरखी म्हणजे विटांची भुकटी यांच्याबरोबर चुन्याच्या घाण्यात मळायचा, काही ठिकाणी गूळ आणि बेलफळाचे पाणी घालायचे, थर पातळ द्यायचे आणि प्रत्येक थर ओला राखत वाळू द्यायचा. यात वेळ जातो. सिमेंटचे काम आठवड्यात उरकते, चुन्याला महिने लागतात, आणि निविदा काढणाऱ्याला हा फरक कागदावर दाखवता येत नाही. तरीही ग्रंथालयासाठी जुनी दगडी भिंत वापरायची असेल तर या वेळेला पर्याय नाही, असे माझे ठाम मत आहे. सोबत दोन बिनखर्चाचे नियम : कपाट भिंतीपासून किमान वीतभर दूर आणि खालची फळी जमिनीपासून तेवढीच वर.

छताविषयी सोलापूरकरांनी विशेष विचार करायला हवा. आपली जुनी घरे माळवदाची. लाकडी तुळया, त्यांवर फळ्या किंवा किलच्या म्हणजे लाकडाच्या बारीक कामट्या, आणि वर मातीचा जाड थर. या मातीमुळे भर उन्हाळ्यात खालची खोली गार राहते. दुरुस्तीच्या नावाखाली माळवद उतरवून लोखंडी पत्रा टाकला की दुपारी खोली भट्टीसारखी तापते आणि पहाटे थंड पडते, आणि रोजचा हा चढउतार कागदाला सततच्या उष्णतेपेक्षाही जास्त थकवतो. मात्र माळवदाची आंधळी स्तुतीही करता येत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि वरचे हेच अवजड छप्पर माणसांवर कोसळले. तो आघात आपल्या शेजारच्या जिल्ह्यांनी सोसला आहे आणि त्या पहाटेचे हादरे सोलापुरातही लोक रस्त्यावर येण्याइतके जाणवले होते. तेव्हा मार्ग मधला आहे : मातीचा थर पातळ करावा आणि त्याखाली उष्णतारोधक हलका थर द्यावा, भिंतीच्या आतल्या आणि बाहेरच्या पदरांना सांधणारे लांब दगड ठराविक अंतरावर घालावेत, छपराखाली चारही भिंतींना बांधणारा पट्टा फिरवावा, आणि पुस्तकांची उंच कपाटे माथ्याशी एकमेकांना जखडावीत.

हिमालयातील लोकांनी हे ज्ञान फार पूर्वी भिंतींतच बांधून ठेवले आहे. शिमल्याच्या जुन्या घरांत ‘धज्जी’ पद्धतीच्या भिंती दिसतात. लाकडाची चौकट, तिच्यात तिरक्या पट्ट्या, आणि मधल्या लहान लहान कप्प्यांत दगड-माती. धक्का बसला की चौकट थोडी हलते, कप्प्यात भेगा पडतात, पण भिंत अखंड कोसळत नाही. ४ एप्रिल १९०५ च्या कांगडा भूकंपात २०,००० पेक्षा अधिक माणसे दगावली, त्या प्रदेशात अशी भिंत म्हणजे आयुष्याचा विमा होय. अशा घरात अभिलेखागार, म्हणजे जुनी कागदपत्रे जपण्याची जागा, करताना धज्जीची भिंत पाडून काँक्रीटचा सांगाडा घालण्याचा मोह आवरला पाहिजे.

लाकडाचे दुसरे नाव मात्र आग आहे. १८८८ पूर्वी व्हाइसरॉय जेथे राहत, ते पीटरहॉफ १९८१ मध्ये जळून गेले. महालेखापालांचे कार्यालय असलेल्या गॉर्टन कॅसलचे वरचे मजले २०१४ च्या जानेवारीत आगीत सापडले. राष्ट्रपती निवासाच्या मूळ रचनेत आगीचा विचार आधीच केलेला होता : पाण्याच्या नळांची तोंडे मेणाने बंद केलेली, उष्णतेने मेण वितळले की पाणी सुटणार. एकोणिसाव्या शतकासाठी ही कल्पना फारच पुढची होती. आवारात स्वतंत्र अग्निशमन केंद्रही होते, आणि आज त्याच लहानशा इमारतीत संस्थेचे पुस्तकांचे दुकान व उपाहारगृह चालते. मला हा बदल नृत्यदालनाच्या बदलाइतकाच आवडला. संस्थेची प्रकाशने तेथे मिळतात, चहा घेत ती चाळता येतात, आणि मुख्य वास्तूच्या लाकडी छताखाली शेगडी पेटवण्याची वेळ येत नाही. आपल्याकडे वाचनालयाच्या व्हरांड्यातच गॅस ठेवून चहा करण्याची जी पद्धत आहे, ती पाहिली की पोटात गोळा येतो. जुन्या इमारतीत विजेची तार लाकडामागून खेळवलेली असते. दप्तरखान्याचे मुख्य बटण खोलीच्या बाहेर असावे आणि शेवटचा माणूस निघताना ते बंद व्हावे, एवढी शिस्त तरी आपण लावून घ्यावी.

वास्तूच्या आत मार्गदर्शकाबरोबर ठरावीक दालनेच पाहता येतात आणि आत छायाचित्रे काढता येत नाहीत. पर्यटक यावर नाराज होतात. माझ्या मते हा नियम योग्यच आहे. प्रवेश करताच तीन मजले उंच दालन आणि सागवानी जिना समोर येतो, त्याच्या कठड्यावरचे कोरीवकाम डोळ्यांत मावत नाही. पण जवळच पुस्तकांची दालने आहेत आणि तेथे कोणीतरी वाचत बसलेले आहे, ही जाणीव राहिली पाहिजे. ऐतिहासिक इमारतीत ग्रंथालय चालवताना पर्यटकाचे कुतूहल आणि वाचकाची शांतता यांत कोणाला झुकते माप द्यायचे, हे स्पष्ट ठरवावे लागते. येथे ते वाचकाला दिलेले आहे. म्यानमारच्या नेत्या आंग सान सू ची १९८७ मध्ये याच संस्थेत अभ्यासासाठी राहिल्या होत्या. देशोदेशीचे अभ्यासक महिनोन्‌महिने येथे राहून लिहितात. १९४५ च्या जून-जुलैत व्हाइसरॉय लॉर्ड वेव्हेल यांनी भरवलेली शिमला परिषद याच छताखाली झाली, तिच्याविषयीचा ग्रंथ त्याच छताखाली बसून वाचायला मिळणे, यासारखे भाग्य इतिहासाच्या विद्यार्थ्याला क्वचितच लाभते.

एक अपेक्षा नोंदवतो. या वास्तूत दुरुस्तीचा इतिहास सांगणारे एक लहान दालन असावे. कोणत्या भिंतीची ओल कशी काढली, कोणती तुळई बदलली, कोणत्या पुस्तकांवर काय उपचार केले, हे नमुन्यांसह मांडले तर आमच्यासारख्या दूरच्या वाचनालयांना ते व्हाइसरॉयांच्या ढालतलवारींपेक्षा अधिक उपयोगी पडेल.

कागदाच्या उपचाराबद्दल दोन शब्द येथे लिहिणे आवश्यक वाटते, कारण इमारत नीट झाली तरी आत ठेवायचे दप्तर फाटकेच असेल तर काम अर्धेच राहते. फाटलेल्या पानावर सेलोटेप लावणे हा सर्वांत मोठा अपराध. काही वर्षांत तिचा गोंद तपकिरी होऊन कागदात मुरतो आणि खालची अक्षरे कायमची झाकतो. योग्य पद्धत संथ आहे. पातळ जपानी टिश्यूची पट्टी कातरीने न कापता पाण्याची रेघ ओढून हाताने फाडतात, म्हणजे तिच्या कडेला केसासारखे तंतू सुटे राहतात. गव्हाच्या सत्त्वाची पातळ खळ कुंचल्याने पट्टीला लावतात, पट्टी फाटलेल्या जागी अलगद बसवतात, वर सोख कागद ठेवतात आणि वजनाखाली वाळू देतात. नीट केलेला सांधा पान उजेडात धरल्यावरच दिसतो, आणि पुढे कधी काढावासा वाटला तर थोड्या ओलाव्याने निघतो. सुताला खळ लावण्यात ज्या शहराच्या पिढ्या गेल्या, त्या सोलापूरच्या हातांना हे काम अवघड नाही. फक्त कीड लागू नये म्हणून खळीत मोरचूद (कॉपर सल्फेट) घालण्याची बाइंडरांची जुनी सवय सोडावी लागेल, कारण तांब्याचा अंश कागदाला आतून खातो. सुती रुमालात दप्तर बांधून ठेवण्याची आपली जुनी पद्धत मात्र धूळ आणि उजेड रोखायला आजही उत्तम आहे. प्लास्टिकच्या पिशवीत कागद कोंडण्यापेक्षा ती शतपटीने बरी.

शिमल्याहून परतल्यावर मला आपल्या शहराच्या कागदांची काळजी अधिक वाटू लागली आहे. १९३० च्या मे महिन्यातील मार्शल लॉ, १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी गेलेले मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, कुर्बान हुसेन आणि जगन्नाथ शिंदे, गिरण्यांचा उदय आणि अस्त, तेलुगू भाषक विणकरांच्या वस्त्या, कन्नड-मराठी शाळा, या सगळ्यांची कागदपत्रे घरांत, कार्यालयांत, गिरणी कामगारांच्या ट्रंकांत विखुरलेली आहेत. पुण्याच्या दप्तरखान्यात पेशवाईचे रुमाल जपले गेले म्हणून तो इतिहास लिहिता आला. सोलापूरच्या गिरण्यांचा इतिहास उद्या कोणी लिहायला बसले तर त्याला हजेरीपट आणि पगारपत्रके कोठे मिळणार? जीवराज जैन ग्रंथमालेसारखे संशोधन-प्रकाशनाचे काम ज्या गावातून झाले, आणि हिराचंद नेमचंद वाचनालयासारखी संस्था ज्या गावाने वाढवली, त्या गावाला अभिलेखागार अवघड नाही.

जागाही आहे. अप्पासाहेब वारद यांनी बांधलेली इंद्रभुवनची देखणी वास्तू महापालिकेच्या आवारात उभी आहे आणि तिच्या जतनाचे काम झालेले आहे. तिच्या तळमजल्यावरच्या एखाद्या भक्कम दालनात नगरपालिकेच्या काळापासूनची जुनी दप्तरे आणि नागरिकांनी विश्वासाने दिलेले कागद ठेवून, दोन प्रशिक्षित माणसे आणि एक वाचनकक्ष एवढ्यावर सुरुवात करता येईल. भार, ओल, उष्णता आणि आग यांची तपासणी आधी अभियंत्याकडून करून घ्यावी. कपाटे त्यानंतर मागवावीत. हा क्रम उलटला तर वर सांगितलेल्या वाचनालयाची गत होईल.

जाणाऱ्यांसाठी थोडी व्यावहारिक माहिती. सोलापूरहून कर्नाटक एक्स्प्रेसने दिल्ली, तेथून काल्का, आणि काल्क्याहून ९६ किलोमीटरची छोटी रेल्वे, जिला २००८ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. वास्तूच्या जवळचे स्थानक समर हिल. तेथून चढ आहे, गुडघे दुखणाऱ्यांनी शिमल्याहून टॅक्सी करावी. सोमवारी वास्तू बंद असते. केवळ वास्तू पाहायची असेल तर तिकीट काढून सकाळी लवकर जावे, म्हणजे गर्दी कमी असते आणि बागेतून दरीचे दृश्य स्वच्छ दिसते. ग्रंथालयात बसून काम करायचे असेल तर नुसते दारात जाऊन उभे राहू नये. आपला विषय, हवे असलेले ग्रंथ आणि महाविद्यालयाचे किंवा संस्थेचे पत्र जोडून आधी लेखी परवानगी मागावी. महाविद्यालयांतील अध्यापकांसाठी तीन वर्षे दरवर्षी महिनाभर राहून अभ्यास करण्याची असोसिएटशिपची योजना या संस्थेत चालत आली आहे. आपल्या विद्यापीठाच्या परिसरातील मराठी, इतिहास आणि समाजशास्त्राच्या तरुण अध्यापकांनी तिची चौकशी अवश्य करावी. पावसाळा शक्यतो टाळावा, कारण घाटात दरडी कोसळतात. पण इमारत दुरुस्तीच्या हेतूने पाहायची असेल तर मात्र ऑगस्टमध्येच जावे आणि धो धो पावसात छत्री घेऊन पन्हाळी पाहाव्यात.